मूठ वळताना अंगठा बाहेर

(गडमुडशिंगी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संपादित करून)



गेल्या महिन्यात आपल्या गावात शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं कराटे शिबिर झालं. तुमच्यापैकी काहीजणी त्यात होत्या, पुष्कळजणी नव्हत्या. ज्या नव्हत्या त्यांना तिथं काय झालं ते कळावं, आणि पुढं काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवावं, म्हणून आपण आज बसलो आहोत. मी शिबिरात संयोजक म्हणून वहीपेन घेऊन बसले नव्हते. सगळ्यांबरोबर रांगेत उभी होते, आणि सोमवारी मला जिना उतरता येत नव्हता.

शिकवायला कोल्हापुरातून तिघं आले होते, दोन पुरुष आणि एक बाई. तिघंही वीस-पंचवीस वर्षं कराटे करणारे, काळ्या पट्ट्याचे. ज्येष्ठ शिक्षक म्हटल्यावर मला थोडी धास्ती होती, कारण शिस्तीच्या नावाखाली बायकांना लहान मुलींसारखं ओरडणारे बरेच पाहिले आहेत. पण पहिल्याच तासाला मोठ्या सरांनी सांगितलं की कुणाचा हात किंवा खांदा नीट करायचा असेल तर आम्ही आधी विचारू, आणि ‘नको’ म्हणालात तर तोंडानं सांगू. एवढी साधी गोष्ट, पण हॉलमधल्या निम्म्या बायकांच्या आयुष्यात अंगाला हात लावायच्या आधी कुणी विचारलेलं ही पहिलीच वेळ असेल. मुलींना कुठल्याही क्लासला घालताना पट्टे आणि चषक नंतर बघा. तिथला शिक्षक असं विचारतो का, ते आधी बघा.

सुरुवात मूठ वळण्यापासून झाली. बहुतेकजणींनी अंगठा मुठीच्या आत घातला होता. असा ठोसा मारला तर समोरच्याला लागायच्या आधी आपलाच अंगठा मोडतो. अंगठा बाहेर, बोटांवर आडवा, आणि मार पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांनी. मग उभं राहणं. ‘किबा-दाची’ म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभं राहायचं. कॉलेजच्या मुली दोन मिनिटांत थरथरायला लागल्या, आणि भांगलणीला, ऊसतोडीला जाणाऱ्या चाळिशीच्या बायका शांत उभ्या! बाईंनी सांगितलं की ठोशाचा जोर दंडातून येत नाही, कमरेतून येतो. ते त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही. कोयता चालवणाऱ्या बाईला कमरेचं काम ठाऊक असतं.

मग आलं ‘कियाई’, म्हणजे पोटातून काढलेली आरोळी. ‘हेइआन शोदान’ हा नवशिक्यांचा पहिला काता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम. यात एकवीस हालचाली आहेत, नवव्या आणि सतराव्या हालचालीला आरोळी येते. हालचाली जमल्या, पण आवाज निघेना. कुणी हसली, कुणी पदर तोंडाला लावला. एक पन्नाशीच्या मावशी तिसऱ्या खेपेला ओरडल्या आणि स्वतःच दचकल्या. मला म्हणाल्या, “ताई, मी आजवर एवढ्यांदा कधी वरडलोच न्हाई बघा. मार खातानाबी न्हाई. शेजारी ऐकू जाईल म्हणून.” पुढं काय बोलावं मला सुचेना. त्या परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

हा काता मला आवडला तो आणखी एका कारणानं. त्याची पहिली हालचाल वार नाही, अडवणं आहे. आणि चौथ्या हालचालीत कुणी मनगट धरलंय असं समजून हात मागं ओढून घ्यायचा आणि वरून हातोड्यासारखी मूठ मारायची. कराटे ओकिनावा बेटावरचं. अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथल्या शाळांत नेलं, त्यांच्या गिचिन फुनाकोशी या शिष्यानं 1922 साली टोकियोत दाखवलं. आपल्या कोल्हापुरात तर ताकदीची केवढी परंपरा! खासबागचं मैदान 1912 चं, पेठापेठांतून तालमी. पण त्या तालमींचा उंबरा पिढ्यान् पिढ्या बाईसाठी नव्हता. लाठी-दांडपट्टा आता मुलीही फिरवतात, पण त्या खेळाचं नाव अजून ‘मर्दानी खेळ’च आहे, ताराराणीच्या गावात.

आता बांगड्यांचं सांगते. जोडीजोडीनं सराव करायचा म्हणून शिक्षिका म्हणाल्या की काचेच्या बांगड्या काढून ठेवा, मनगट धरलं तर फुटून हातात घुसतील. मंगळसूत्रही काढा, मागून कुणी धरलं तर गळ्याला फास बसतो. हॉल एकदम गप्प झाला. मुलींनी काढल्या. लग्न झालेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. “सासू काय म्हणंल?” “हिरव्या बांगड्या मी आपल्या हातानं काढू?” शिक्षिकांनी जबरदस्ती केली नाही. बांगड्यांवर रुमाल बांधायला दिला, मंगळसूत्र कुडत्याच्या आत खोचायला सांगितलं. काहीजणींनी काढून पर्समध्ये ठेवल्या आणि जाताना परत घातल्या. आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याचा आपण सगळ्यांनी अभिमान बाळगला. मग नवरा जिवंत असताना दोन तास स्वतःच्या सोयीनं त्या काढून ठेवायचा हक्क तिला आहे की नाही? हे मी तिथं विचारलं नाही, इथं विचारते.

रविवारी सकाळी हॉलमधला जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा होता. कारण तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडं रविवार म्हणजे मटणाचा वार. ज्या आल्या त्यातल्या काही पहाटे चारला उठून वाटण करून, रस्सा शिजवून आल्या होत्या. पुढच्या वेळी घरातल्या पुरुषांसाठी त्याच दिवशी स्वयंपाकाचं शिबिर लावावं, अशी सूचना चहाच्या वेळी आली. हसण्यावारी गेली, पण मी ती लिहून ठेवली आहे.

आणि मग शेवटच्या तासाला एकीनं विचारलं, “सर, हे घरात वापरायचं का?” सर जरा थांबले आणि माझ्याकडं बघितलं. बरोबरच होतं, कारण हा प्रश्न कराटेचा नव्हता.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. स्वतःच्या शरीराचा बचाव करण्याचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे. मारणारा नवरा असला तर हक्क नाही, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. मात्र बचावाला लागेल तेवढंच. तो खाली पडल्यावर, पळाल्यावर मारत राहणं हा बचाव नाही. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या प्रसंगात हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण घरातला प्रश्न त्या क्षणी संपत नाही. तिनं एक हात अडवला, ठीक. रात्री झोपायचं त्याच खोलीत आहे. सकाळी भाऊबंद येऊन म्हणणार, बाईनं नवऱ्यावर हात उचलला. उलटी तक्रार तिच्यावरच होऊ शकते. म्हणून अडवण्याइतकंच महत्त्वाचं आहे बाहेर पडणं, आणि बाहेर पडल्यावर दार उघडणारं कुणीतरी असणं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला संरक्षण आदेश मिळू शकतो, त्याच घरात राहण्याचा हक्क मिळतो. 112 आणि 181 हे नंबर शिबिरात सगळ्यांनी पाठ केले. ते पाठ असावेत, पण रात्री अकराला आधी पोचते ती शेजारीणच.

आपण मुलींना अंधारातल्या अनोळखी गुंडासाठी तयार करतो. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत मात्र दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. नातेवाईक, शेजारी, मित्र. ज्याला ‘काका’ म्हणायला शिकवलं, त्याला ओरडून ‘थांब’ कसं म्हणायचं? कॅनडातल्या तीन विद्यापीठांत सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. बारा तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण 5.2 टक्के होतं, न घेतलेल्यांमध्ये 9.8. त्या बारा तासांत हातपाय चालवणं थोडं होतं. जास्त वेळ होता तो ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखण्याला, आणि ‘त्याला वाईट वाटेल’ ही मनातली अडचण दूर करण्याला. आपल्या शिबिरात हे फार थोडं झालं. शिक्षकांचा तो विषय नव्हता, तो आपला आहे. यापुढच्या वर्गात निम्मा वेळ त्यासाठी ठेवावा असं माझं मत आहे.

एक धोका मात्र आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या चळवळीनं चांगलाच बघितला आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणजे संमती, असा तो निकाल. त्यावर 1979 मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहायला 2013 साल उजाडलं. तेव्हा गावात कराटेचा वर्ग चालू झाल्यावर उद्या कुठल्या मुलीवर प्रसंग आला आणि कुणी विचारलं, ‘हिला तर कराटे येत होतं, मग?’ तर त्याचं तोंड बंद करायची तयारी आपल्याकडं आत्तापासून असली पाहिजे. भीतीनं शरीर गोठतं. काळ्या पट्ट्याच्या त्या बाईंनीच सांगितलं की त्यांचंही एकदा गोठलं होतं.

आता पैशाचं. सरकारी शाळांत समग्र शिक्षा अभियानातून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांचं. तीन महिन्यांत मूठ वळायला येते, सवय लागत नाही. शाळा सोडलेल्या मुली आणि आपल्यासारख्या बायका तर त्यात नाहीतच. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आजवर त्यातून काय घेतलं, हे विचारायला महिला सभा आहे, ग्रामसभेच्या आधी भरते ती. आठवड्यातून दोन दिवस वर्ग, शिक्षिकेचं मानधन, खाली अंथरायला मॅट, एवढीच मागणी आहे. गणवेश आणि पट्ट्याच्या परीक्षांचा खर्च सुरुवातीला नको, त्यात गरीब घरची मुलगी पहिली गळते.

अर्ज मी लिहून आणला आहे, वाचून दाखवते आणि मग सह्या घेऊ. वेळ मात्र तुम्हीच ठरवायची. गांधीनगरच्या दुकानांत कामाला जाणाऱ्या म्हणतात रात्री आठनंतर, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या म्हणतात सकाळी, आणि दुभती जनावरं असणाऱ्यांना दोन्ही जमत नाही. आधी हात वर करा, कुणाला कुठली वेळ चालेल ते.