झेंड्यापुढे उभी असलेली बाई

छायाचित्र अगदी साधं आहे. एक कृष्णवर्णीय स्त्री सरळ उभी आहे. अंगात ठिपक्यांचा झगा, डोळ्यांवर चष्मा. एका हातात उभा धरलेला झाडू, बाजूला फरशी पुसायचा लांब दांड्याचा पोछा. मागच्या भिंतीवर वरून खाली सोडलेला अमेरिकेचा राष्ट्रध्वज, किंचित धूसर. बाई हसत नाही की रडत नाही.

१९४२ साली वॉशिंग्टनमध्ये गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय तरुणानं ते टिपलं. वय एकोणतीस. एका शिष्यवृत्तीवर तो अमेरिकी सरकारच्या 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' या खात्याच्या छायाचित्र विभागात आला होता. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्याला सांगितलं, कॅमेरा इथंच ठेव आणि आधी गावात फिरून ये. पार्क्स दुकानात कोट घ्यायला गेला, हॉटेलात जेवायला गेला, सिनेमाला गेला. तिन्ही ठिकाणी त्याला दारातूनच वाटेला लावलं. शहर कोणतं, तर हिटलरशी लढणाऱ्या देशाची राजधानी!

तो संतापून परतला. स्ट्रायकरांचं म्हणणं असं, की गोऱ्या माणसाचा फोटो काढून त्याखाली 'वंशद्वेष्टा' लिहिल्यानं काही होत नाही. ज्यांनी हे आयुष्यभर सोसलंय त्यांच्याशी बोल. त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन होत्या. वडिलांना जमावानं मारलेलं, नवरा गोळीला बळी पडलेला, मुलगीही गेलेली. वर्षाला १,०८० डॉलर पगारात त्या नातवंडं सांभाळत होत्या. पार्क्सनं त्यांना झेंड्यापुढे उभं केलं. फोटो पाहून स्ट्रायकरांना भीती वाटली, की यापायी सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील. पुढे या फोटोला 'अमेरिकन गॉथिक' हे नाव मिळालं. ग्रँट वूडच्या १९३० मधल्या प्रसिद्ध चित्राचं हे नाव. त्यात दाताळं धरलेला गोरा शेतकरी आहे.

आता कुणी म्हणेल, हे तर जुळवून आणलेलं छायाचित्र. आहेच. पण बाई खरी, झाडू खरा, झेंडा खरा, पगारही खरा. पार्क्सनं त्यांना एका चौकटीत आणलं, इतकंच. आम्ही कवी दुसरं काय करतो? शिवाय तो तिथं थांबला नाही. नंतर कितीतरी दिवस तो एलाबाईंच्या घरी, त्यांच्या चर्चमध्ये जाऊन फोटो काढत राहिला.

याच्या अगदी उलट गोष्ट बॉस्टनची. ५ एप्रिल १९७६. काळ्या-गोऱ्या मुलांनी एका शाळेत शिकावं म्हणून न्यायालयाच्या आदेशानं बसगाड्यांची व्यवस्था झाली होती. तिच्या विरोधात गोऱ्या विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. टेड लँड्समार्क हा कृष्णवर्णीय वकील सूट घालून बैठकीला निघालेला, तो त्या गर्दीत सापडला. स्टॅन्ली फोरमन या वृत्तछायाचित्रकारानं नेमका तो क्षण पकडला. एक गोरा पोरगा झेंड्याची काठी भाल्यासारखी त्याच्यावर रोखून धावतोय! निदान तसं दिसतं. प्रत्यक्षात तो काठी आडवी फिरवत होता आणि ती लँड्समार्कला लागली नाही. त्याचं नाक फुटलं ते इतरांच्या मारानं. १९७७ साली या छायाचित्राला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

म्हणजे गंमत बघा. मुद्दाम उभं करून काढलेला फोटो खरं बोलतो आणि घडत असताना टिपलेला फोटो डोळ्यांना थोडं फसवतो. तरीही त्या दिवशी त्या चौकात जो द्वेष होता, तो त्या काठीत आहेच.

भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासारख्या नावाच्या माणसाला "काय, काल मॅच बघितली का?" हा प्रश्न जरा वेगळ्या सुरात विचारला जातो. विचारणारा वाईट नसतो. मी झेंडा हातात धरलाय ना, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून एलाबाईंच्या फोटोपाशी मी रेंगाळतो. त्यांच्या हातात झेंडा नाही, त्यांचं रोजचं काम आहे. झेंडा पाठीशी आहे. पाठीशी उभा आहे की नुसताच मागे टांगलाय, ते आपण ठरवायचं.

आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचं नाव घ्यायला हवं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या त्या विद्यार्थिनी, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. लाल किल्ल्यावर स्वतंत्र भारताचा झेंडा पहिल्यांदा चढला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. त्या प्रसंगाचे त्यांनी टिपलेले फोटो पाहताना आजही ऊर भरून येतो.

आता १६ ऑगस्टची सकाळ निराळी असते. आदल्या दिवशी सिग्नलवर विकलेले कागदी आणि प्लॅस्टिकचे झेंडे गटारीच्या कडेला, बसथांब्याखाली पडलेले असतात. नगरपालिकेच्या झाडूवाल्या बाया ते वेचतात. मी पाहिलंय, त्यातली एखादी ते कचऱ्याच्या ढकलगाडीत टाकत नाही. माती झटकून, जुडी बांधून ती ते गाडीच्या दांडीला अडकवून ठेवते आणि पुढचा रस्ता झाडू लागते. तिचा फोटो अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.