मुलांनी आखलेला आठवडा



आज आम्ही तुम्हांला एका शाळेची हकिगत सांगणार आहोत. ही शाळा आपल्याकडची नाही. ती फ्रान्स देशातली आहे. पण ती खेड्याकडची शाळा होती आणि साध्यासुध्या घरच्या मुलांची होती. म्हणून तिची हकिगत आपल्याला परकी वाटणार नाही.

या शाळेत एक नवल होते. आठवड्याचा अभ्यास किती आणि कधी करायचा, हे मुले स्वतः लिहून काढीत.

तुम्ही म्हणाल, "हे कसं चालायचं? पोरांना मोकळं सोडलं तर ती खेळत बसतील. शिकतील कशी?"

प्रश्न रास्त आहे. पण आधी सगळे ऐका. मग तुम्हीच सांगा.

मास्तर कोण होते?

मास्तरांचे नाव सेलेस्तँ फ्रेने. त्यांचा जन्म १८९६ साली झाला. दक्षिण फ्रान्सच्या डोंगरात गार नावाचे खेडे आहे. ते त्यांचे गाव. लहानपण शेतात आणि मेंढरांमागे गेले.

ते मास्तरकी शिकत होते. तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. त्यांना लढाईवर जावे लागले. १९१७ साली फुप्फुसाला मोठी जखम झाली. जीव वाचला, पण छातीतला दम गेला.

१९२० साली बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत त्यांना नोकरी मिळाली. तेव्हाचे मास्तर वर्गात मोठ्याने बोलत. मुले मुकाट ऐकत. फ्रेने मास्तरांना ते जमेना. थोडे बोलले की धाप लागे.

ज्याचा आवाजच चालत नाही, त्याने शिकवावे कसे?

त्यांनी वाट काढली. आपण कमी बोलायचे. मुलांना जास्त बोलू द्यायचे. मुलांना घेऊन ते गावात फिरू लागले. कधी विणकराच्या मागापाशी, कधी सुताराच्या दुकानात, कधी शेताच्या बांधावर. परत आले की मुले पाहिलेले सांगत. मास्तर ते फळ्यावर लिहीत. मुले तेच वाचत.

एकदा वर्गात गोगलगाई आल्या. मुलांनी त्यांची शर्यत लावली. एकच गलका झाला! दुसरा मास्तर असता तर त्याने छडी उगारली असती. फ्रेने मास्तरांनी खडू उचलला. मुलांनी शर्यतीची हकिगत सांगितली आणि ती फळ्यावर उतरली. त्या दिवशी वाचायला कोणालाही आग्रह करावा लागला नाही.

छापखाना वर्गात आला

पण फळ्यावरचे पुसावे लागते. मुलांचे बोल दुसऱ्या दिवशी राहत नसत. मास्तरांना याची हळहळ वाटे.

१९२४ साली त्यांनी हाताने चालवायचे एक लहानसे छपाईयंत्र आणले आणि वर्गात ठेवले. मुले एकएक खिळा उचलून ओळी जुळवू लागली. खिळा म्हणजे शिशाचे अक्षर. खिळ्यावर अक्षर उलटे असते. कागदावर ते सुलटे उमटते. एक खिळा चुकला तरी शब्द बिघडतो. त्यामुळे मुले प्रत्येक अक्षर निरखून बघत. शुद्धलेखन असे हाताने शिकली.

छापलेली पाने एकत्र बांधून पुस्तक होई. त्या पुस्तकात राजेराण्या नव्हत्या. आजोबा, शेळी, पाऊस, बाजार, आईचे आजारपण, असले विषय होते. मुलांना कळले की आपले बोलणेही छापण्याजोगे असते.

आता थोडे तुमच्याबद्दल बोलू. तुम्ही नुकती अक्षरे शिकलात. पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिलेत, तेव्हा काय वाटले ते आठवा. त्या मुलांना तसेच वाटत असेल.

आठवडा कसा जाई?

१९३५ साली फ्रेने मास्तर आणि त्यांच्या पत्नी एलीझ यांनी व्हाँस गावाजवळ स्वतःची शाळा काढली. तिथल्या आठवड्याची रीत सांगतो. त्या काळी फ्रान्समध्ये गुरुवारी आणि रविवारी शाळेला सुट्टी असे. शनिवारी शाळा भरे.

सोमवारी प्रत्येक मुलाच्या हाती एक कागद येई. तो आठवड्याच्या कामाचा कागद. महिन्याभरात काय काय शिकायचे, ते मास्तरांनी मांडून ठेवलेले असे. त्यातले या आठवड्यात किती करायचे, ते मूल ठरवी. समजा, एकाने लिहिले, "हिशेबाची दहा कार्डे करीन. एक गोष्ट लिहीन. वाफ्याला पाणी घालीन." मास्तर कागद बघत. काम फार थोडे असेल तर विचारीत, "एवढंच का?" फार डोईजड असेल तर म्हणत, "झेपेल का बाबा?" पण एकदा लिहिले की ते पुरे करायचे. स्वतः दिलेला शब्द तो!

सकाळी मुले आपण लिहिलेले वाचून दाखवीत. लिहायची सक्ती नव्हती. ज्याला सांगायचे असेल त्याने लिहावे. मग हात वर करून मते घेत. ज्याला जास्त मते, त्याचा मजकूर फळ्यावर जाई. सगळे मिळून तो सुधारीत. "हा शब्द इथे बरा दिसतो का?" "हे कधी घडलं ते कळत नाही." असे विचारीत. पण ज्याने लिहिले त्याचे म्हणणे बदलायचे नाही. मग खिळे जुळवायचे, शाई लावायची, छापायचे.

हिशेबासाठी कार्डे होती. एका कार्डावर उदाहरण. दुसऱ्यावर उत्तर. मुलाने उदाहरण सोडवायचे आणि आपले आपण तपासायचे. हुशार मुलाला थांबावे लागत नसे. मागे राहिलेल्याला लाजावे लागत नसे. अडले तर मास्तर जवळ येऊन समजावीत. मास्तर रिकामे बसत नसत. उलट त्यांचे काम वाढले होते. सगळ्या वर्गाला एकच धडा सांगणे सोपे. प्रत्येक मुलाचे कुठे अडते ते बघणे अवघड.

उरलेल्या वेळात बागकाम, चित्रे, हातकाम, फिरणे असे. आणि पत्रे असत. ही पत्रांची गंमत बार-स्यूर-लू गावीच सुरू झाली होती. तिथली मुले डोंगरातली. त्यांची गाठ पडली दूरच्या समुद्रकाठच्या एका शाळेशी. इकडची छापील पाने तिकडे जात, तिकडची इकडे येत. डोंगरातल्या मुलांना समुद्राची भरती-ओहोटी अशी पत्रातून कळली. आपले लिहिलेले कोणीतरी वाट बघून वाचणार आहे, हे ठाऊक असले की अक्षर आपोआप नीट येते.

शनिवारची सभा

भिंतीवर एक मोठा कागद आठवडाभर लावलेला असे. त्यावर रकाने आखलेले असत. एका रकान्यात तक्रार लिहायची. दुसऱ्यात शाबासकी. तिसऱ्यात मागणी. चौथ्यात, आपण काय पुरे केले ते. कोणीही लिहावे. पण खाली आपले नाव घातलेच पाहिजे. निनावी चहाडी चालायची नाही. आणि दुसऱ्याने लिहिलेले पुसायचे नाही.

आठवड्याच्या शेवटी सभा भरे. अध्यक्ष मुलांतलाच एक. तो कागद वाचून दाखवी. ज्याच्यावर तक्रार असेल, त्याला उभे राहून बोलता येई. मारामारी झाली असेल तर तिचा निकाल इथे लागे. तक्रार मास्तरांवरही करता येई. मास्तरही मुलांसारखेच उत्तर देत.

मग प्रत्येक जण आपला सोमवारचा कागद बघे. काय झाले, काय राहिले? राहिले ते का राहिले? हे मूल स्वतः ताडून बघे. मास्तर आपले मत सांगत.

हे सुखासुखी झाले नाही

व्हाँसच्या आधी फ्रेने मास्तर सँ-पोल गावच्या सरकारी शाळेत होते. तिथे १९३२ साली त्यांच्याविरुद्ध गावच्या भिंतींवर कागद लागले. मुलांना वाटेल ते लिहू देतो, पुस्तकी धडे शिकवीत नाही, असा ओरडा झाला. त्यामागे गावचे राजकारणही होते. काही पालक त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी १९३३ साली त्यांना ती शाळा सोडावी लागली. म्हणून तर पुढे त्यांनी स्वतःची शाळा काढली.

स्पेन देशात १९३६ साली यादवी युद्ध सुरू झाले. तिथली पोरकी, भेदरलेली मुले या शाळेने जवळ केली. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, सरकारने मास्तरांना पकडून छावणीत ठेवले. शाळा बंद पडली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा उघडली. फ्रेने मास्तर १९६६ साली वारले. १९९१ साली फ्रान्स सरकारने ती शाळा विकत घेतली. एकेकाळी ज्या मास्तराला सरकारी शाळेतून जावे लागले, त्याची शाळा सरकारची झाली!

आता तुम्ही सांगा

पोरांना मोकळे सोडले तर ती शिकतील का, असे तुम्ही विचारले होते. या शाळेत मुले मोकळी होती का? काय करायचे ते निवडायला मोकळी होती. निवडलेले टाकून द्यायला मोकळी नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र होत्या.

शेतकरी दादा, तुम्हीच बघा ना. कोणत्या वावरात काय पेरायचे ते तुम्ही ठरवता. पण पेरल्यावर राखण तुम्हांलाच करावी लागते. स्वतः पेरलेल्या पिकावर माणसाचा जीव असतो. अभ्यासाचेही तसेच आहे.

छपाईयंत्राला पैसे लागतात. पण भिंतीवरच्या कागदाला काय लागते? एक मोठा कागद, एक दोरी, एक पेन्सिल. आपल्या साक्षरता वर्गात हे करता येईल. कागदावर चार रकाने आखा. एकात तक्रार: "रात्री वर्गातला दिवा नीट लागत नाही." दुसऱ्यात शाबासकी: "काकू पावसातही वर्गाला आल्या." तिसऱ्यात मागणी: "बँकेचा अर्ज भरायला शिकवा." चौथ्यात, पुरे केलेले काम: "मी मुलीला पहिले पत्र लिहिले." खाली आपले नाव. शनिवारी सगळ्यांनी मिळून वाचा.

सही आली की पुष्कळ लोक थांबतात. म्हणतात, "अंगठा गेला, झालं काम." पण सही म्हणजे फक्त आपले नाव. नावापुढे आपले म्हणणे आले पाहिजे. गावच्या पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल तुमचे काही म्हणणे आहेच. आजवर ते दुसऱ्याने लिहिले आणि तुम्ही खाली अंगठा उठवला. आता ते तुम्ही लिहायचे.

आणि घरी शाळेत जाणारे मूल असेल तर आज रात्री त्याला एक विचारा. "किती मार्क पडले?" हे रोजचेच झाले. आज विचारा, "या आठवड्यात तुला काय शिकावंसं वाटतं?" ते काय सांगेल ते शांतपणे ऐका. जमल्यास कागदावर लिहून घ्या. तुम्हांला आता लिहिता येते.