शिक्का पुसला, संशय उरला

(बीड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वसाहतवादाचा वारसा म्हटला की लंडनच्या संग्रहालयातील लुटीच्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. बीड जिल्ह्यात हा वारसा काचेच्या कपाटात नाही. आष्टी-पाटोद्याच्या माळावर पाल ठोकून राहणाऱ्या पारध्याच्या माथी तो बसलेला आहे.

१८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरविले. पोलिसांकडील हजेरी, परवाना आणि तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याची हत्यारे होती. निजामी राजवटही या दृष्टीपासून मुक्त नव्हती. १९५२ साली कायदा रद्द झाला; पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशय त्याच जमातींवर राहिला. तुरुंगांच्या नियमावलीतील हा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविण्यास ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

हा संशय ठाण्यापुरता नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांनी रचलेल्या जाती-जमातींच्या ग्रंथांतून तो विद्येच्या क्षेत्रात शिरला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने त्याला उत्तर दिले.

मराठवाडा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे स्मरण करतो. ३१ ऑगस्टचा विमुक्त दिनही त्याच सन्मानाने पाळला गेला पाहिजे. मराठवाड्यातील विद्यापीठांनी या जमातींतील वृद्धांच्या आठवणी नोंदवून जिल्ह्याच्या इतिहासात त्यांना स्थान द्यावे. कार्यकर्त्यांनी मात्र त्याची वाट न पाहता पालावर जावे आणि जातीचा दाखला, शिधापत्रिका व घराची जागा मिळेपर्यंत तहसील कचेरी सोडू नये.