१४ जानेवारी कोणाची?

(नांदेड येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



१४ जानेवारी म्हटले की आपल्याला तिळगूळ आठवतो. पण याच तारखेला आणखी दोन गोष्टी घडल्या आहेत. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतची लढाई झाली. १४ जानेवारी १९९४ ला तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. या तिन्हींत बाई कुठे आहे, एवढेच मला आज विचारायचे आहे.

आधी एक खुलासा. पानिपताच्या दिवशीच संक्रांत होती, असे आपण ऐकत आलो. ते खरे नाही. संक्रांतीची तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, १७६१ साली त्याच्याही आधी. म्हणजे अपशकुन दिवसात नसतो. आपण तो दिवसावर लादतो, आणि बाईवरही.

पानिपतावर किती पुरुष पडले, याचे आकडे सांगितले जातात. सैन्याबरोबर बायकामुलेही होती. कितीतरी बायका गुलाम म्हणून नेल्या गेल्या. त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत. नाव राहिले ते सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंचे. त्या वाचून परतल्या आणि नवरा गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. पेशव्यांच्या घरात हे चालले. शिपायाच्या बायकोचे कुणी ऐकले असते का?

आता आपल्या दारातले बोलू. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना ठार मारले. २५ नोव्हेंबर १९९३ ला याच नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी नाव मिळाले, तेही 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून. म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. या लढ्यातल्या शहिदांत सुहासिनी बनसोड आणि प्रतिभा तायडे याही आहेत. सभांमधून त्यांची नावे किती वेळा ऐकली? आणि घर जळताना लेकरे घेऊन पळालेल्या बाया कोणत्या यादीत आहेत?

हळदीकुंकू तर आपल्याच हातातले. पण तिथली यादीही सवाष्णींची. विधवा नको, टाकलेली नको, वाड्यात दलित वस्तीतली नको. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला, तर शेत, कर्ज, पोरे तिने सांभाळायची आणि संक्रांतीला दाराआड बसायचे! मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. पण वाण कुणाला द्यायचे, हे ग्रामपंचायत ठरवत नाही. ते आपण ठरवतो.

म्हणून रथसप्तमीपर्यंत दोन कामे करू या. आपापल्या गावात हळदीकुंकू घ्या, पण बोलावणे प्रत्येक घरी आणि प्रत्येक बाईला द्या. आणि १९७८ पाहिलेल्या बायांकडे वही घेऊन जा. तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई आज पासष्टीच्या पुढे गेली आहे. तिचे नाव, तिचे गाव, तिने काय पाहिले, ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. उशीर करू नका.