खेळ, पडदा आणि फळा : वर्गातील संगणकीय खेळांचे स्थान

(शिक्षक-प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारताच आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. पालकांना तो अभ्यासाचा शत्रू वाटतो. विक्रेते त्याला प्रत्येक शैक्षणिक दुखण्यावरील रामबाण उपाय म्हणून सादर करतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी आणली, परंतु कौशल्यविकासाला पूरक ठरणाऱ्या खेळांना त्याच कायद्याने उत्तेजन दिले आहे. तेव्हा खेळ चांगला की वाईट, हा वाद बाजूला ठेवून आपण एक व्यावहारिक प्रश्न विचारू या. वर्गात खेळाला जागा द्यायची, तर ती कोणती? या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्याच देशातील तीन प्रयोग मोलाचे आहेत.

बडोद्याचा अनुभव

गुजरात शासनाने २००० साली बडोदा शहरातील १०० महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ च्या पाहणीत मात्र असे आढळले, की प्राथमिक इयत्तांतील मुलांना त्यांचा उपयोग क्वचितच होत होता. यंत्र शाळेत पोहोचले होते. मुलापर्यंत पोहोचले नव्हते. त्यानंतर ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिती खेळांचा उपक्रम हाती घेतला. आठवड्याला दोन तास, त्यांपैकी एक शाळेच्या वेळेत आणि एक वेळेबाहेर. एका संगणकावर दोन मुले बसत आणि खेळाची काठिण्यपातळी मुलाच्या तयारीनुसार बदलत असे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक पद्धतीने शाळा निवडून या उपक्रमाचे मूल्यमापन केले. ते २००७ साली प्रसिद्ध झाले. गणिताच्या गुणांत पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली. ढोबळमानाने सांगायचे तर, शंभर मुलांच्या रांगेत ऐन मध्यावर असलेले मूल पहिल्याच वर्षी आणखी तेरा-चौदा जणांच्या पुढे गेले. भाषेत मात्र फरक पडला नाही. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने गणितातील लाभही सुमारे ०.१० पर्यंत ओसरला.

याच अभ्यासात ‘बालसखी’ उपक्रमही तपासला गेला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज दोन तास वेगळे शिकवी. तिच्यामुळे झालेली वाढ संगणकापेक्षा कमी होती. पण संगणकाचा दर मुलामागील खर्च तिच्या सहा-सात पट होता. खर्चाच्या तुलनेत बालसखीच सरस ठरली. खरेदीचा प्रस्ताव लिहिताना हे विसरून चालणार नाही.

भर की बदल?

दुसरा प्रयोगही गुजरातमधलाच आहे. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत लेह लिंडन यांनी संगणकाधारित गणित-सरावाची दोन रूपे तपासली आणि निष्कर्ष २००८ मध्ये मांडले. एका रूपात नेहमीच्या अध्यापनाचा वेळ काढून तो संगणकाला दिला होता. दुसऱ्यात शाळा सुटल्यावर जादा वेळ दिला होता. पहिल्या रूपात मुलांचे नुकसान झाले. गुण सुमारे ०.५७ प्रमाण विचलनाने घटले. दुसऱ्या रूपात सुमारे ०.२८ ची वाढ दिसली आणि कच्च्या मुलांना अधिक लाभ झाला.

बडोद्यात शाळेच्या वेळेतील तासाने हानी केली नाही, मग येथे का झाली? ज्ञानशालेतील अध्यापन मुळातच आखीव आणि नेमके होते. तेथे संगणकाने रिकामा वेळ भरला नाही. चांगल्या शिक्षणाचा वेळ घेतला. म्हणून खेळाचे मोल ठरवताना तो किती आकर्षक आहे याइतकेच, त्याच्यासाठी आपण काय बाजूला सारतो आहोत, हेही मोजले पाहिजे.

खेळातून पाटीकडे

तिसरा प्रयोग दिल्लीतील बालवर्गांचा, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. यातील खेळ संगणकावरचे नव्हते, तरी त्याचा धडा येथे लागू पडतो. सुमारे १,५४० मुलांपैकी काहींना संख्येचा अंदाज आणि आकारांची पारख वाढवणारे खेळ देण्यात आले. ती पारख वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. परंतु शाळेतील अंकगणितात त्याचा लाभ दिसला नाही. मूल खेळात जे जाणते, ते अंक, चिन्हे आणि शब्द यांत आपोआप उतरत नाही. तो पूल कुणीतरी बांधावा लागतो. खेळ संपल्यावर ‘तू हे कसे ओळखलेस? आता पाटीवर मांडून दाखव’ असे विचारणारा शिक्षक हाच तो पूल होय.

आपली जबाबदारी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने खेळाधारित अध्ययनाचा पुरस्कार केला आहे. यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आहेत; म्हणजे तीनांपैकी एका शाळेत आजही नाहीत. साधने अशी विषम वाटली गेली असताना, जेथे ती आहेत तेथे ती वाया जाणे हा दुहेरी अन्याय ठरतो.

म्हणून कोणताही खेळ वर्गात आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा खेळ कोणत्या तासाची जागा घेणार आहे? वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या मुलाच्या पातळीपासून तो सुरू होतो का? आणि पडदा बंद झाल्यावर मुलाच्या वहीत काय उतरणार आहे? चौथीत बसून दुसरीचे गणित न येणारे मूल रोज अपमान गिळत असते. खेळात चुकल्यावर कुणी हसत नाही, पुन्हा संधी मिळते. त्या मुलासाठी हेच मोठे आश्वासन आहे. मात्र त्या संधीचे ज्ञानात रूपांतर करण्याचे काम यंत्राचे नव्हे, आपले आहे.