वरकामाचा दर

(खिडक्यांच्या सफाईचा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने कष्टकरी बायकांच्या बैठकीत केलेले हे बोलणे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला सांगितलंय, तुम्ही खिडक्या पुसायचा धंदा वाढवला कसा, त्याच्याबरोबर दुसरी कामं कशी जोडली, ते सांग. सांगते. पण आम्ही कुठली कामं घेतली तेवढंच सांगून भागणार नाही. कुठली नाकारली तेही सांगणार आहे. कारण आम्ही आज तिघी धडधाकट इथं बसलोय, ते त्या नकारांमुळं.

तिघी म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ आणि आमच्या गल्लीतल्या एक मावशी. तिघीही आधी धुणंभांडी करायचो. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, सगळं पाण्यात. आमची कामाची निम्मी घरं बंद पडली. बंद म्हणजे पगारही बंद. पाणी उतरल्यावर दुकानदार चिखल काढायला माणसं शोधत होते. गाळ पुरुषांनी फावड्यानं ओढला, पण काचा तशाच राहिल्या. कुणी कोरड्या फडक्यानं पुसायला गेलं की ओरखडे पडायचे, कारण गाळातली बारीक वाळू काचेवर घासली जाते. आधी भरपूर पाणी सोडायचं, गाळ खाली वाहू द्यायचा, मग साबणाचं पाणी, मग वायपर. हे आम्ही करता करता शिकलो. एका दुकानाची काच लखलखीत झाली तसं शेजारच्यानं बोलावलं. २०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला, तेव्हा लोकांनी आपणहून फोन केले. तिथून हा धंदा.

आता मुद्द्यावर येते. खिडकी पुसायला गेलं की बाईसाहेब काय म्हणतात? ‘आलीच आहेस तर तेवढा पंखा पुस की.’ ‘शिडी आणलीच आहेस तर माळ्यावरचं खाली काढून दे की.’ ‘जाता जाता गॅलरी धुऊन जा.’ पहिल्या वर्षी आम्ही हे सगळं केलं. वाटायचं, गिऱ्हाईक तुटेल. शिवाय आपल्याला सवयच असते. घरी आपण जन्मभर हेच करतो. स्वयंपाक हे काम धरतात, पण त्याच्या मागंपुढं निवडणं, आवरणं, पुसणं, वाढणं हे कोण मोजतं? त्याला वरकाम म्हणायचं आणि सोडून द्यायचं. बाहेर पैसे घेऊन काम करायला लागलो तरी ती सवय आपल्या मागून येते.

एक दिवस मावशींनी हिशोब काढला. आम्ही एका खिडकीला ६० रुपये घेत होतो. आठ खिडक्यांचे घर म्हणजे ४८० रुपये. दोघींना दोन तास लागायचे, म्हणजे तासाला बाईमागे १२० रुपये. पण ‘तेवढं तेवढं’ करता करता चार तास व्हायचे. म्हणजे तासाला ६०. त्यातून रिक्षा, साबण, फडकी वजा. मावशी म्हणाल्या, ‘अगं, भांडी घासून याच्यापेक्षा जास्त मिळत होतं.’

तेव्हा आम्ही ठरवलं, वरकाम करायचं, पण त्याला नाव द्यायचं आणि दर लावायचा. ही काही आमची अक्कल नव्हे. मोलकरणींच्या संघटनांनी हेच शिकवलंय. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हापासून हे चालत आलंय. धुण्याचा दर वेगळा, भांड्याचा वेगळा, केर-फरशीचा वेगळा. काम वेगळं, तर मोल वेगळं. आम्ही एका पुठ्ठ्यावर यादी लिहिली. खिडकी आतून-बाहेरून एवढे. डासांची जाळी काढून धुऊन बसवायला २० रुपये. सरकत्या खिडकीची खाच साफ करायची, तर तिचे वेगळे. पंख्याचे वेगळे. दारात गेलं की आधी पुठ्ठा दाखवायचा. कुणी म्हणालं ‘तेवढं कर की’, तर भांडायचं नाही, पुठ्ठ्यावर बोट ठेवायचं. तोंडानं दर सांगायला आपल्याला लाज वाटते, जीभ अडते. लिहिलेल्याला लाज नसते.

आता कुठलं काम जोडायचं ते कसं ठरवायचं? आम्ही चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, ते काम त्याच खेपेत आणि त्याच सामानात होतं का? गिऱ्हाईक शोधणं, तिथवर जाणं, शिडी वाहणं, यात निम्मा दम जातो. तो एकदा गेलाच आहे, तर त्यावर बसणारं काम जोडावं. जाळी आणि खाच ही खिडकीची सख्खी भावंडं. खाचेत माती भरली की पाणी जायची भोकं बुजतात आणि आपल्याकडच्या पावसात पाणी घरात येतं. हे गिऱ्हाइकाला एकदा दाखवलं की मेच्या शेवटी ते आपणहून बोलावतं. दसऱ्याआधी घरोघरी दसरा काढतात, गोधड्या-चादरी धुतात. त्या आठवड्यात जाळमटं, पंखे, जाळ्या यांना मागणी असते. दुकानांचं आठवड्याचं काम मात्र सगळ्यात चांगलं. राजारामपुरीत समोरून सगळी काच असलेली दुकानं आहेत. दर सोमवारी सकाळी काच, त्याच्या जोडीला पाटी. पैसा थोडा, पण बांधलेला.

दुसरा प्रश्न, पावसाळ्यात ते काम चालतं का? जून ते सप्टेंबर खिडक्या कोण धुऊन घेतं? कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही आतलं काम शोधलं. बोअरच्या पाण्यानं न्हाणीघराच्या काचांवर, नळांवर पांढरा थर बसतो. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं सुटतो. पण संगमरवर, कडाप्पा, शहाबादी यांना आंबट चालत नाही, डाग पडतात ते कायमचे. हे आम्ही एका ओट्याचे पैसे भरून शिकलो. तुम्ही फुकट शिका. आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो. ‘दोन्ही टाक म्हणजे लवकर निघेल’ असं सांगणारी माणसं असतात, त्यांचं ऐकायचं नाही.

तिसरा प्रश्न जिवाचा. गच्चीवरचे सौर पॅनल धुवायचं काम आम्ही अलीकडं घेतलं. सपाट गच्ची असेल तरच. भल्या सकाळी, पॅनल गार असताना, मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. पॅनलवर पाय द्यायचा नाही, वायरींना हात लावायचा नाही. पत्र्याच्या उतारावर आम्ही चढत नाही. वरच्या मजल्याच्या खिडकीची बाहेरची बाजू सज्ज्यावर उभं राहून पुसत नाही. आतून हात पोचेल तेवढीच. कुणी म्हणतं, ‘आधीची मुलं करायची.’ करत असतील. त्यांनीही करू नये.

पण हे शहाणपण आम्हाला आधीपासून नव्हतं. एका बंगल्यात खिडक्या झाल्यावर मालक म्हणाले, ‘जमिनीखालची पाण्याची टाकी तेवढी घासून द्या. दहा मिनिटांचं काम. बाई बारीक आहे, सहज उतरेल.’ पाचशे रुपये म्हणाले. आम्हाला पाचशे मोठे वाटले. जाऊ उतरली. तळाला थोडं पाणी होतं आणि त्यात कुणीतरी आधीच ब्लिचिंग पावडर टाकून ठेवली होती. दोन मिनिटांत तिला खोकला सुटला, डोळे चुरचुरायला लागले. मी वरून हाक मारतेय तर ती उत्तर देईना. तिचा एक हात शिडीवर होता म्हणून बरं. मी आणि मावशींनी दोन्ही हातांनी धरून वर ओढली. ती फरशीवर आडवी पडून श्वास घेत होती, आणि मालक विचारत होते, ‘मग टाकीचं काय?’ दवाखान्याचा खर्च आमचा, तीन दिवसांची मजुरी बुडाली ती आमची. पाचशेचे अडीचशे दिले, काम अर्धं झालं म्हणून.

त्या रात्री दीर मला म्हणाला, ‘वहिनी, पाचशे रुपयांत माझ्या घरचं काय जाणार होतं ते कळलं का?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. टाकी आमच्या पुठ्ठ्यावर नाही, ती तेव्हापासून. त्याच आठवड्यात तिघींनी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढला. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख. विमा काढला म्हणून टाकीत उतरायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

सेप्टिक टँक आणि गटार याबद्दल तर बोलायचंच नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय त्यात माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी आम्हाला विचारतात. एकानं तर मावशींना आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर गटाराचं काम काढलं. तोवर खिडक्यांचंच बोलणं चाललं होतं. मैत्रिणींनो, सफाईच्या धंद्यात हा प्रश्न टाळता येत नाही. कुठलं काम कुणाला विचारलं जातं, याच्या मागं जात उभी असते. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘आडनावाचा दर आमच्या यादीत नाही.’ आणि आम्ही शिडी उचलून निघालो. त्या दिवशी ४८० रुपये गेले. गेले तर गेले.

चौथा प्रश्न, आपण हे काम घेतलं तर कुणाच्या पोटावर पाय येतो का? ताराबाई पार्कातल्या एका घरातल्या काकू आमच्यावर खूश. म्हणाल्या, ‘तुम्ही केर-फरशीपण घ्या. रोजच्या बाईला मी काढते, ती फार सुट्ट्या घेते.’ महिन्याचं बांधलेलं काम होतं. खरं सांगते, मन डळमळलं. ती बाई आत भांडी घासत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. मला माझे दिवस आठवले. सुट्ट्या का घेते, हे कुणी विचारलं होतं का? आम्ही नाही म्हणालो. काकूंना राग आला, दोन महिने बोलावलं नाही. मग दिवाळीला परत बोलावलं. ती बाई अजून तिथंच आहे. आता गल्लीतली नवी घरं तीच आम्हाला सांगते. पण बदल्यात काही मिळालं नसतं, तरी आम्ही नाहीच म्हणायला हवं होतं.

एकटीला हे नाही म्हणणं जड जातं. म्हणून दुसऱ्या गावच्या बायकांनी काय केलं तेही बघावं. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढं त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. घरोघरचा कचरा गोळा करणं हे त्यांचं मूळ काम. त्याला त्यांनी जुने कपडे-वस्तू, बिघडलेली विजेची उपकरणं गोळा करणं जोडलं. सॅनिटरी नॅपकिन उघडे फेकले की ते वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. म्हणून त्यांनी वर्तमानपत्राच्या पिशव्या करून विकायला सुरुवात केली. बघा, जोडलेलं काम कसं असावं! पैसेही मिळाले आणि स्वतःचा हातही वाचला. ते काम गिऱ्हाइकानं त्यांच्या गळ्यात मारलेलं नव्हतं, त्यांनी आपल्या अडचणीतून काढलेलं होतं.

आम्ही तिघीच आहोत, आमची संस्था नाही. पण आमच्या गल्लीच्या आसपास आता सफाईची कामं घेणाऱ्या आणखी दोन जोड्या झाल्यात. आम्ही एक ठरवलंय. जाळीचा दर तिघींकडं वेगळा असेल तर असू दे, पण टाकीत कुणीच उतरायचं नाही. आम्ही नाही म्हटलं आणि शेजारणीनं हो म्हटलं, तर आमच्या नकाराला किंमत राहत नाही, आणि जीव मात्र तिचा जातो.

तेव्हा तुम्ही पापड करा, शिवणकाम करा, डबे द्या, नाहीतर माझ्यासारख्या खिडक्या पुसा. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. एका बाजूला लिहा, मी पैसे घेऊन काय करते. दुसऱ्या बाजूला लिहा, त्याच्याबरोबर मी फुकट काय काय करते. ब्लाउजबरोबर हूक लावून देणं, डब्याबरोबर तीन मजले चढणं, सगळं लिहा. मग दुसऱ्या बाजूच्या एकेका कामापुढं एक तर दर लिहा, नाहीतर काट मारा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, तिलाही कळू दे. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. मीही माझा पुठ्ठा आणते. अजून त्यात एक-दोन कामं फुकटची आहेत, माळ्यावरचं सामान काढून देणं अजून सुटलेलं नाही. त्याचा दर काय लावायचा ते तुम्ही सांगा.