गोळीने गुण आला नाही, असे रुग्ण म्हणतो तेव्हा



सातपुड्याच्या माथ्यावर आलाच आहात. यशवंत तलाव आणि सीताखाई अवश्य पाहा. फक्त सत्र बुडवून नको. वेदनाशामके आणि जनुके हा विषय पुण्या-मुंबईचा, तोरणमाळला परिषद कशाला, असे आम्हाला विचारले गेले. उत्तर सोपे आहे. ज्या वेदनेचे मूळ एका जनुकात आहे, ती, म्हणजे सिकलसेलची वेदना, इथल्या पाड्यांवर राहते.

काही पाहण्यांत भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात आढळले आहे. वाहकाला सहसा त्रास नसतो. आई-वडील दोघांकडून सिकलचे जनुक आले की आजार होतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे ही त्याची निमित्ते. थंडी इथे आहेच. आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाला तिथे उन्हात पाणी पुरत नाही. लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवले. आजाराचे जनुक आपल्याला कळले, तपासणीही गावोगाव पोचली. औषध पचवणाऱ्या जनुकांकडे मात्र आपण अजून पाहत नाही.

कोडीन या वेदनाशामकाचेच उदाहरण घ्या. ते स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातले सीवायपी२डी६ नावाचे विकर त्याचा थोडा भाग मॉर्फिनमध्ये बदलते, तेव्हा दुखणे थांबते. काहींच्या शरीरात हे विकर चालतच नाही; त्यांना गोळी दिली काय, न दिली काय. काहींमध्ये हे विकर घडवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्यात मॉर्फिन भराभर तयार होते आणि श्वास मंदावतो. श्वास असा मंदावून मुले दगावल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्यास मनाई केली आणि २०१७ साली १२ वर्षांखालील सर्वांनाच ते वर्ज्य ठरवले. आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे ट्रॅमाडॉलही बऱ्याच अंशी याच विकरावर विसंबून आहे. आयब्युप्रोफेनची वाट वेगळी. तिथे सीवायपी२सी९ हे दुसरे विकर मंद असेल तर औषध अंगात रेंगाळते, आणि सिकलच्या रुग्णाचे मूत्रपिंड तर आधीच नाजूक.

सीवायपी२डी६चा हा फरक लक्षात आला त्याची हकीकत मला आवडते. १९७०च्या दशकात लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ यांनी याच विकराने पचणारे, रक्तदाबावरचे डेब्रिसोक्विन सहकाऱ्यांसोबत स्वतः घेतले. बाकीचे ठीक होते, स्मिथ यांना मात्र उभे राहवेना. संशोधक स्वतःच अपवाद निघाला! रुग्णाने हीच तक्रार केली असती तर किती जणांनी मनावर घेतली असती?

मॉर्फिनला या विकराची गरज नाही. पण सिकलच्या रुग्णांचे शरीर ते इतरांपेक्षा लवकर बाहेर टाकते, असे आढळले आहे. म्हणून दोन तासांत पुन्हा इंजेक्शन मागणारा मुलगा ढोंगी किंवा व्यसनी आहे, हा शेरा मारण्याची घाई मला मान्य नाही. मी शहाद्यात दवाखाना चालवताना हा शेरा अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो बहुतेकदा पाड्यावरून आलेल्या माणसाच्याच वाट्याला येतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘पावऱ्यांना अमुक गोळी लागू पडत नाही’ असे काही इथून घेऊन जाऊ नका. समाजागणिक प्रमाण बदलते हे खरे. इथिओपियात अतिवेगवान विकराची माणसे पुष्कळ, पूर्व आशियात थोडी. पण समोरच्या माणसाचे जनुक आडनावावरून वाचता येत नाही. दोन सख्ख्या भावांचेही वेगळे असू शकते.

औषध पचवणाऱ्या जनुकांची तपासणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. धडगावच्या रुग्णाला ती कधी परवडेल, हे संशोधकांनी आणि शासनाने सांगावे. तोवर आपल्या हाती केसपेपर आहे. गावोगावच्या आशाताईंनी घरी विचारावे, डॉक्टरांनी लिहावे: कोणती गोळी दिली, किती वेळाने गुण आला, आला की नाही, गुंगी किती आली. पुढच्या वेळी रुग्ण ठणकत येईल तेव्हा आधी ती नोंद वाचा, मग औषध लिहा. एवढी विनंती करून मी परिषदाध्यक्षांना उद्घाटनासाठी पाचारण करतो.